नदीतल्या किड्यांवरून पाण्याचा दर्जा ठरवताना: माझा अनुभव

बीएमडब्ल्यूपी पद्धतीत नदीत सापडलेल्या किड्यांच्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण देतात; प्रदूषण सहन न होणाऱ्या कुळाला जास्त, घाणीत तगणाऱ्याला कमी. असे गुण काढणं ही शेवटी साधी बेरीज आहे. निकाल चुकतो तो त्याआधीच, जागा निवडताना आणि ट्रेमधून किडे वेचताना. त्यामुळे माझा सगळा आग्रह या दोन टप्प्यांवर असतो.

पूर ओसरल्यावर निदान तीन आठवडे मी नमुना घेत नाही. पुराने तळ खरवडलेला असतो, तेव्हा स्वच्छ नदीही गुणांत मार खाते. सांडपाणी मिसळतं त्याच्या वर एक आणि खाली एक, अशा किमान दोन जागा लागतात; दोन्हीकडे तळ, खोली आणि वेग सारखा हवा. वरचा गोट्यांचा खळाळ आणि खालचा गाळाचा डोह यांची तुलना केली, तर गुण सांडपाण्याने उतरले की गाळाने, हे सांगताच येत नाही. दोन्ही जागा एकाच दिवशी करायच्या असतील तर खालची आधी करते, कारण वर ढवळलेले किडे वाहत खाली येतात.

जाळीची चौकट साधारण 25 सेंमी रुंद, छिद्रं 1 किंवा 0.5 मिमी. बारीक जाळीत लहान पिल्लंही सापडतात, पण ती गाळाने लवकर तुंबते. मग पाणी तोंडातून उलटं फिरतं आणि पोहणारे किडे निसटतात. अर्ध्या मिनिटाने ती बादलीत रिकामी करावीच लागते. जाळीचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे धरून तिच्या पुढचा तळ टाचेने 5 ते 10 सेंमी खोल ढवळायचा आणि तिरकं वर सरकायचं. एकूण 3 मिनिटं ढवळायचं. ही वेळ खळाळ, संथ पाणी आणि काठची झुडपं-पाणवनस्पती यांत त्यांच्या विस्ताराच्या प्रमाणात वाटायची. जाळी रिकामी करण्याचा वेळ यात धरायचा नाही. नंतर 1 मिनिट दगड हाताने उलटून पाहायचे, कारण जळवा आणि दगडाला चिकटलेली कॅडिसफ्लाय या किड्याच्या अळ्यांची घरटी नुसत्या ढवळण्याने सुटत नाहीत.

नमुना लगेच वेचायचा नसेल तर 95 टक्के इथेनॉल ओतते. ओल्या पानांतलं पाणी मिसळून ते 70 टक्क्यांच्या आसपास उतरतं. मुळात 70 टक्के घातलं तर नमुना सडतो. जिवंत ठेवला तर स्टोनफ्लाय या किड्याची आणि चतुरांची पिल्लं बाकीच्यांना खाऊन टाकतात.

वेचायला पांढरा, चौकोन आखलेला ट्रे आणि थोडंच पाणी. काडीकचरा फार असेल तर लिटरभर पाण्यात 300 ग्रॅम साखर विरघळवून त्यात नमुना सोडते. किडे वर तरंगतात. गोगलगायी आणि वाळूची घरटी मात्र तळाशीच राहतात, ती वेगळी शोधावी लागतात. रिकामे शंख, रिकामी घरटी, टाकलेली कात मोजायची नाही.

ओळख कुळापर्यंत पुरते. सर्वात महाग चूक मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या दोन किड्यांच्या पिल्लांमध्ये होते. शेपट्या मोजून भागत नाही, कारण त्या तुटतात आणि काही मेफ्लायना दोनच असतात. पायाच्या टोकाची नखी पाहा: मेफ्लायला एक, स्टोनफ्लायला दोन. मेफ्लायमध्येही कुळ महत्त्वाचं आहे. चपट्या हेप्टाजेनिडीला 10 गुण, तर बेटिडीला 4.

समजा वरच्या जागी हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी (हेही मेफ्लाय) आणि पर्लिडी (स्टोनफ्लाय) (प्रत्येकी 10), गोम्फिडी (चतुर) 8, हायड्रोसायकिडी (कॅडिसफ्लाय) 5, बेटिडी 4, कायरोनोमिडी (न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या) 2 मिळाले. बेरीज 49, भागिले 7 कुळं, म्हणजे एएसपीटी (दर कुळामागे सरासरी गुण) 7. खाली हायड्रोसायकिडी 5, बेटिडी 4, फायसिडी (गोगलगायी) 3, कायरोनोमिडी 2, गांडूळवर्गीय कृमी 1: बेरीज 15, एएसपीटी 3. संख्येला इथे गुण नाहीत. एक सापडला काय, शंभर काय, कुळाला एकदाच गुण.

माझा भरवसा एएसपीटीवर जास्त आहे. जास्त वेळ ढवळलं की बेरीज वाढते, सरासरी तितकी हलत नाही. बेरीज कमी पण सरासरी चांगली असेल तर मी आधी तळाकडे पाहते: नुसती वाळू असली की कुळं कमीच मिळतात. लाल कायरोनोमिडी आणि कृमींची रास म्हणजे सेंद्रिय घाण आणि प्राणवायूची टंचाई. फायसिडी गोगलगायी मात्र पृष्ठभागावरची हवा घेतात, त्यांच्या असण्यावरून प्राणवायूबद्दल काही ठरवू नये. आणि चांगला गोट्यांचा तळ, वाहतं पाणी, तरी कृमीसुद्धा नाहीत, असं दिसलं तर मी विषारी रसायनाचा संशय धरते आणि त्याच दिवशी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवते.