रेघांची वही

सासवडच्या मुक्कामात पहिल्या संध्याकाळी मी 31 पाय धुतले. आकडा विषम, कारण एका आजोबांना एकच पाय होता, दुसऱ्या बाजूला कुबडी. पाय पुढे करत ते म्हणाले, "तुमचं निम्मं काम वाचवलं बघा, माउली." मी हसले, त्यांची टाच पुसली आणि ते उठून गेल्यावर वही काढली. पाच-पाच रेघांच्या सहा जुड्या आणि वर एक रेघ.

ही वही पुढे मला फार नडली. ते येईलच.

मी नगरची. माहेर नेवासे तालुक्यातलं वडाळा, ज्याला लोक अजूनही वडाळा मिशनच म्हणतात. पंचवीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात, म्हणजे जखमा बांधणं हा हातचा मळ. आमच्या शेजारच्या काकू गेली अकरा वर्षं ज्ञानोबा माउलींच्या पालखीसोबत चालतात. दरवर्षी परत आल्या की त्यांचे पाय मीच बघायची आणि दरवर्षी म्हणायची, "एवढं होईपर्यंत कुणी पाहिलं कसं नाही?" 2024 च्या आषाढीला त्या म्हणाल्या, "मग तूच चल की."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय ब्याऐंशी, टोमणा मारतानाही व्याकरण शुद्ध. म्हणाल्या, "परक्यांचे पाय धुण्यासाठी पंढरपूरपर्यंत जायचं? घरात पाय नाहीत का?" मी ते नेहमीच्या खात्यात टाकलं आणि नणंदेला पंधरा दिवस बोलावून घेतलं.

आमच्या चर्चच्या मंडळीतही कुजबुज झालीच. उपासनेनंतर एक वडीलधारे गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, "कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, बाई." ते वचन देव आणि धन यांच्याबद्दल आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी मात्र डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि महिला मंडळाने कापसाचे सहा मोठे रोल दिले. काकूंच्या दिंडीच्या महाराजांशी मी आधीच फोनवर स्पष्ट बोलले होते: माळ घालणार नाही, पादुकांवर डोकं ठेवणार नाही. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "मांसाहार?"

"पंधरा दिवस नाही."

"टाळ वाजवता येतो?"

"येतो."

"मग या की."

टाळ येतो याचं त्यांना नवल वाटलं असेल, पण नगरकडच्या मंडळीत वाढलेल्या कुणालाही वाटणार नाही. आमच्याकडे पेटी, तबला, टाळ असतातच. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आम्हाला गाणी दिली ती अभंग-ओवीच्या वळणाची. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. सासवडला पहिल्या हरिपाठाला बसले तेव्हा शब्द नवे होते, पण पुढची ओळ कुठे उचलायची हे हातातल्या टाळाला आधीच माहीत होतं. शेजारची बाई म्हणाली, "माळकरी दिसता." मी म्हटलं, "नाही हो, ख्रिश्चन आहे." तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग टाळाकडे, आणि म्हणाली, "असू द्या, ठेका सोडू नका."

आता पायांबद्दल. वारीला जाणाऱ्या कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोड आला की लोक पहिली चूक करतात ती त्याची कातडी सोलून काढण्याची. ती कातडी म्हणजे देवाने दिलेलं ड्रेसिंग, ते काढायचं नाही. फोड लहान असेल तर हात लावायचा नाही, नुसती टेप. मोठा असून चालवत नसेल तर निर्जंतुक सुईने कडेला बारीक टोचायचं, पाणी काढायचं, कातडी तशीच खाली दाबायची, वर बीटाडीन, गॉज आणि टेप. पावसात भिजलेल्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. त्यांना पावडर लागते आणि पावडरीपेक्षा जास्त लागतो रात्रभराचा कोरडेपणा, जो पालात मिळणं अवघड. कुरूप असलेला माणूस पाय वाकडा टाकतो, मग गुडघा दुखतो, मग कंबर, आणि तो सांगत येतो कंबरेचं. पोटऱ्यांना गोळे येणाऱ्यांना मी आधी पाणी प्यायला लावायची. बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण आडोसा मिळत नाही. हे दुखणं नर्सच्या पेटीतल्या कशानेही बरं होत नाही.

आणि मधुमेहाची माणसं. ती येतच नाहीत. त्यांचं दुखत नाही, म्हणून येत नाहीत. त्यांना शोधून काढावं लागतं. जेजुरीला मी आचाऱ्याकडून पातेलंभर गरम पाणी आणून ठेवलं होतं. त्या दिवशी सगळ्यांचे पाय भंडाऱ्याने पिवळे झालेले, बादलीतलं पाणीही हळदीच्या दुधासारखं. मी पाठ फिरवून गॉज कापत होते तेवढ्यात एका आजींनी पातेलं स्वतःच टबात ओतून घेतलं आणि दोन्ही पाय आत सोडले. मी वळून पाहिलं तर वाफ येतेय आणि आजी निवांत. मी हात घातला आणि चटकन काढला. त्यांचे पाय ओढून बाहेर घेतले. "अगं, गारच हाय की," आजी म्हणाल्या. साखरेने पायाची जाणीव गेली की असं होतं. अशा माणसासाठी पाणी आपण कोपर बुडवून बघायचं, त्याला विचारायचं नाही. आजींचे पाय नशिबाने भाजले नव्हते, पण डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता आणि तो त्यांना ठाऊकच नव्हता.

दिवसभर चालायचं आणि मुक्कामाला पोचलं की दुकान मांडायचं, असा क्रम लागला. पहाटे लवकर उठून आंघोळ, टँकरखाली, बायकांच्या गराड्यात, हा वेगळाच पराक्रम. रिंगणाबद्दल लोक भरभरून लिहितात. मी चांदोबाच्या लिंबाला ट्रकच्या मागे एका मुलीच्या अंगठ्याचं उपटलेलं नख बांधत होते. घोडा गेला तो मी लोकांच्या आरोळीवरून ओळखला.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आमच्याकडे उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री तो भाग वाचतात. कॅथलिक मंडळींत त्या दिवशी फादर खरोखर बारा जणांचे पाय धुतात. आमच्यात वाचतात, धुत नाहीत. मी तो भाग लहानपणापासून ऐकत आलेय आणि माझ्या डोळ्यांसमोर नेहमी स्वच्छ गोरे पाय यायचे, शब्बाथ शाळेतल्या चित्रासारखे. लोणंदच्या चिखलातून आलेला पाय हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या खोलीत वास येत असणार.

पण खरं सांगायचं तर मला ते सगळं फार आवडायला लागलं होतं. हॉस्पिटलात पेशंट बिलाचं बोलतो. इथे जो तो "माउली, माउली" म्हणून पाया पडायला वाकतो, म्हातारी माणसं कानशिलावरून बोटं मोडतात. रात्री आडवं पडल्यावर मी बॅटरीच्या उजेडात दिवसाच्या रेघा मोजायची. शंभर झाले. दोनशे झाले. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नये म्हणतात. मी तर डाव्या हाताकडून हिशोब लिहून घेत होते.

तरडगावला वही हरवली.

रात्री समाजआरतीला गेले. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात, आणि चोपदार दंड वर करून आरोळी देतो. सगळे टाळ एकाच क्षणी थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. सरकारी कचेऱ्यांत अशी सोय असायला हवी. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. त्या रात्री एक चष्मा, एक पिशवी, कुणाचं तरी आधार कार्ड, आणि मग, "एक वही सापडली आहे. आत नाव-गाव काही नाही, नुसत्या रेघा आहेत."

आजूबाजूला हशा पिकला. काकूंनी कोपराने ढोसलं. "तुझीच ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

पेत्राने तीनदा नाकारलं होतं. मी एकदाच, पण तेवढ्याच घाईने. अंधारात कान गरम झाले होते. वही आणायला मी गेले नाही. त्यानंतर किती पाय झाले ते मला माहीत नाही.

दिंडीत एक तिशीतला मुलगा होता. पताकेवाला. पहिल्या दिवसापासून माझ्यावर नजर ठेवून होता. फलटणला सरळ येऊन उभा राहिला. "मॅडम, हे पाय धुऊन झाले की पुढे काय? पुस्तकं वाटणार?" मी म्हटलं, पेटीत कापूस आहे, हवी तर उघडून बघा. त्याने खरंच बघितली. आत माझं छोटं बायबल होतं, ते उचललं, परत ठेवलं. "हे कशाला?"

"माझ्यासाठी. झोपताना वाचते."

तो गेला. त्याच्या उजव्या पायाच्या बोटांत चिखल्या इतक्या वाढल्या होत्या, की तो टाचेवर चालत होता. बरडला मी महाराजांच्या हाती पावडर पाठवली, ती त्याने परत पाठवली. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, आणि थेट वाखरीपर्यंत तो तसाच टाचेवर आला. शेवटी त्याचं मन वळलं, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही वळलं. वाखरीच्या तळावर, जिथे सगळ्या पालख्या जमतात, तो गर्दीत दिसला, पताका उंच धरलेली. मी हात केला. त्याने पाहिलं आणि मान फिरवली. येशूने यहूदाचेही पाय धुतले असं आम्ही सांगतो. पण यहूदाने पाय पुढे तरी केले होते.

वेळापूरच्या अलीकडे माझ्या सॅंडलचा पट्टा तुटला. रस्त्याकडेला एक चर्मकार काका पोतं टाकून बसले होते, जाईल त्याचं पायताण फुकट शिवून देत. मी वीस रुपये काढले तर म्हणाले, "आमची हीच वारी, माउली. पैसे देऊन मोडता व्हय?"

पंढरपुरात मी दर्शनबारीला लागले नाही. महाद्वाराशी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथपर्यंत गेले. चोखोबांना आत जायची मुभा नव्हती. ती मुभा त्यांच्या लोकांना मिळायला 1947 साल उजाडलं, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. माझ्या पणजोबांनी त्याच्या कितीतरी आधी वडाळ्याला बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, ते वारीला येत, असं आजी सांगायची. म्हणजे ते इथवर येत असणार. याच्या पुढे नाही. मी चपला हातात घेऊन त्या गर्दीत उभी होते, धक्के खात. मी आत गेले नाही ते माझ्या मर्जीने, आणि त्यांना मर्जी विचारलीच गेली नव्हती. काकू दर्शन घेऊन बाहेर येईपर्यंत रात्र झाली. तोवर मी तिथेच एका कडेला बसून राहिले. काय प्रार्थना केली ते माझ्यापाशी राहू दे.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी नगरला पोचले. नणंद बॅग भरूनच बसली होती. ह्यांनी चहा केला. शेजारच्या चार बायका येऊन गेल्या, पाया पडल्या, मी नको नको म्हणत पडू दिलं. त्या गेल्यावर सासूबाई आपल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "किती पाय धुतलेस?"

"मोजले नाहीत."

"बरं."

त्यांना बावीस वर्षं साखर आहे. गोळ्या मी देते, इन्शुलिन मी टोचते, तीन महिन्यांनी रक्त तपासून आणते. पायमोजे त्या स्वतः घालतात, बारा महिने, शाळेतली सवय. ते मोजे काढलेले मी शेवटचे कधी पाहिले, हे आठवायचा प्रयत्न केला. पावसाळ्यात नाही. ईस्टरच्या सुमारास? नक्की सांगता येईना.

"तुम्हाला काही दुखतंय का?" मी विचारलं.

"काही दुखत नाही मला."

मी टब आणला. पाणी तापवलं, विसण घातलं, कोपर बुडवून पाहिलं. बरोबर कोमट होतं. मोजे काढले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं छताकडे पाहत राहिल्या, वर्गात तपासणीला साहेब आल्यावर पाहत असतील तशा. दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"गार आहे गं पाणी," त्या म्हणाल्या. "चांगलं कढत घाल."

मी डावा पाय उचलून मांडीवर घेतला, तळवा उजेडाकडे वळवला आणि पर्समधून चष्मा काढून लावला.