आत्याच्या पापण्यांवरचे पिवळे डाग

आज आत्याची अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं: हृदयाची धमनी ठळक काळ्या रेघेसारखी येते आणि एका जागी एकदम दोऱ्याएवढी बारीक होते. तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलाय. आत्या आता बरी आहे, चहा मागतेय.

हे काही वर्षभरात झालेलं नाही, म्हणाले. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तात वर्षानुवर्षं जास्त राहिलं की ते धमनीच्या अस्तरात शिरून साचतं. पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, थर जाड होत जातो. सुरुवात ऐन तारुण्यातच होते आणि दुखत काहीच नाही. साधारण ७० टक्के वाट बुजली की मग जिना चढताना छाती भरून येते. मला जास्त भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. कमी साचलेला थरसुद्धा अचानक फुटू शकतो, त्यावर रक्ताची गुठळी होते. हृदयात झटका, मेंदूत पक्षाघात.

आत्या अंगाने शिडशिडीत, तेल-तूप बेताचं. पण पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पिवळसर चपटे डाग कित्येक वर्षं आहेत. तिथेही कोलेस्टेरॉलच साचलेलं असतं. डॉक्टरांनी ते पाहिले आणि आधी घराण्याचं विचारलं. आजोबा पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेले होते. कोलेस्टेरॉलचा हा दोष आनुवंशिक असेल तर लहानपणापासूनच एलडीएल जास्त असतं, म्हणून भावंडं आणि मुलं सगळ्यांचीच तपासणी सांगितलीय.

चुलत-आते भावंडांनो, उद्या सकाळी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्या. माझ्या भाच्यालाही नेतेय, तो दहावीत आहे.