मॅचिंग सेंटर

लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरमधल्या ट्यूबलाइटवर आईचा काडीचा विश्वास नव्हता. दुकानदाराने दहा-बारा कापडं काउंटरवर टाकली की त्यातली दोन उचलून ती साडीसकट थेट रस्त्यावर, उन्हात. मागे रिक्षा हॉर्न देतेय आणि ही बाई ठरवतेय, की हा मोरपंखी आणि हा नुसताच हिरवट. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, मिनियापोलिसजवळच्या आमच्या घरासमोर, हातात प्लास्टिकची वीतभर पट्टी धरून, मी अगदी तशीच उन्हात उभी होते.

झालं असं, की जूनमध्ये लिंबाएवढ्या गारा पडल्या. इकडची घरं लाकडी सांगाड्याची, बाहेरून व्हिनाइलच्या लांब पट्ट्या एकीत एक अडकवलेल्या. त्याला साइडिंग म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीवरच्या अकरा पट्ट्या फुटल्या. विमा कंपनीचा माणूस आला, खडूने प्रत्येक भोकाभोवती गोल काढून गेला, आणि डिडक्टिबल, म्हणजे आपण खिशातून भरायचा वाटा, वजा जाता अकरा पट्ट्यांचे पैसे मंजूर झाले. हिशेबात खोट काढायला जागाच नव्हती.

पट्ट्याही मिळाल्या. तीच कंपनी, तोच शेड नंबर. भिंतीला लावून पाहिल्या तर विटक्या लुगड्याला नवाकोरा काठ! व्हिनाइलला रंग वरून लावलेला नसतो, मालातच कालवलेला असतो. पण ऊन त्यालाही सोडत नाही, आणि पश्चिमेचं तर नाहीच नाही. आमच्या भिंतीने चौदा उन्हाळे खाल्ले होते. तेवढं ऊन कॅटलॉगमध्ये कुठून मिळणार?

मी वाचायला बसले. (मराठी माणूस भांडण्याआधी वाचतो, आणि बहुतेकदा वाचूनच दमतो.) याच मिनेसोटात एका टाउनहोम वसाहतीच्या वीस इमारतींवर अशाच गारा पडल्या होत्या. प्रत्येक इमारतीची निदान एक तरी पट्टी फुटलेली, आणि जुन्या रंगाशी जुळणारा माल बाजारात नाही. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१४ मध्ये निकाल लागला : पॉलिसीत ‘तुल्य साहित्य आणि दर्जा’ असं लिहिलंय ना, मग त्यात रंगाचा वाजवी मेळही आला. एका फुटक्या पट्टीवरून न्यायमूर्ती शेडवर बोलले, याचं मला फार अप्रूप वाटलं. आईला तिथे साक्षीला बोलवायला हवं होतं.

पण आमच्या पॉलिसीत, अगदी मागच्या पानांत, बारीक अक्षरात एक कलम निघालं. जुन्या-नव्याचं ‘मॅचिंग’ करून देण्याचा खर्च कंपनी देणार नाही. शब्द तोच, मॅचिंग! लक्ष्मी रोडवरून इतक्या लांब येऊन तो इथे असा भेटला.

शेवटी साइडिंगवाल्यानेच तोड काढली. तो म्हणाला, गराजमागच्या, झाडाआडच्या जुन्या पट्ट्या काढू, त्या पुढे लावू आणि नव्या मागे. मग एका छोट्या आकड्याने त्याने पट्टीतून पट्टी अशी सोडवली, जशी शेंगेची शीर काढावी. गराजमागच्या पट्ट्या सावलीत राहिलेल्या, त्यामुळे रंग तंतोतंत नाही जुळला, पण रस्त्यावरून कळत नाही. आजी दंड घातलेलं लुगडं नेसायची, तेव्हा तो जोड निऱ्यांत कुठे जायचा ते आम्हालाही सापडायचं नाही. तसंच.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा पुसला.

‘‘छान झालीय. आता मागची दाखव.’’