रद्द प्रश्नाचे मार्क कोणाचे?

औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची आन्सर की (अधिकृत उत्तरांची यादी) आली की भांडण सुरू. प्रश्नच चुकला म्हणून रद्द झाला तर सगळ्यांना मार्क द्या म्हणणारे लई, पण मग ज्यानं चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापायच्या भीतीनं सोडला त्यालाही फुकट अन् ज्यानं पाच मिनिटं डोकं लावलं त्यालाही तेवढेच, हे कसं काय? कोर्टात जावं तर सुप्रीम कोर्टानं १९८३ लाच कानपूर विद्यापीठाच्या केसमध्ये सांगून ठेवलंय, कीमधलं उत्तर चुकलंय हे उघड दिसलं पाहिजे, ओढूनताणून नाही. २०१७ च्या रणविजय सिंग निकालात तर शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्याला! (मला हे अजिबात पटत नाही, पेपर त्यांनीच काढला ना?) त्यामुळं आन्सर कीवरची हरकत मुदतीतच टाका, पुस्तकाचं पान जोडून.