वासुदेव हडपवळ

मागच्या जुलैतला एक दिवस डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून काढतेय. मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते, हेच माझं काम, सकाळी दहाला बसते ते संध्याकाळी लेक क्लासवरून येईस्तोवर उठत नाही. सध्याची कादंबरी कोल्हापूरच्या शिलाहारांवर आहे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना ताराराणी आठवतात, शाहू महाराज आठवतात, आणि ते बरोबरच आहे, पण त्याच्याही पाच-सहाशे वर्षं आधी याच पंचगंगेच्या काठच्या मुलखावर एका घराण्यानं दोनशेच्या वर वर्षं राज्य केलं, महालक्ष्मीचा वरप्रसाद मिळालेले म्हणून बिरुद लावलं, सोन्याचा गरुडध्वज मिरवला, आणि आज पन्हाळ्यावर गाईड 'भोज राजानं बांधला' एवढं एक वाक्य बोलून पुढं सरकतो.

घराणं कसलं भरलेलं आहे बघा. मारसिंहाला पाच मुलगे, गूवल, गंगदेव, बल्लाळ, भोज आणि गंडरादित्य. या गंडरादित्यानं मिरजेच्या भागात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठावर शंकर, बुद्ध आणि जिन तिघांनाही जागा दिली. त्याचा मुलगा विजयादित्य, आणि विजयादित्याचा मुलगा म्हणजे पन्हाळ्याचा तो दुसरा भोज, ज्याच्याकडून पुढं देवगिरीच्या सिंघण यादवानं राज्य घेतलं. माझी कादंबरी विजयादित्याची. मधल्या पिढीतला माणूस, बापही मोठा आणि मुलगाही मोठा, असल्या माणसाकडं कुणी फारसं बघत नाही, म्हणून मला तो हवा होता. आणि बायका? कराडच्या शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा तेवढी सापडते, कारण तिनं कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याला वरलं आणि काश्मीरहून आलेल्या बिल्हणानं त्यावर काव्य केलं. बाकी वंशावळीत बाप, आजा, चुलते सगळे ओळीनं उभे, आणि त्या पाच भावांची आई कोण, विजयादित्याची आई कोण, काही नाही.

या काळावर मराठीत लिहिताना एक अडचण सारखी आडवी येते, ती सांगते आणि पुढं जाते. आपली ऐतिहासिक कादंबरीची भाषा शिवकाळात घडलीय. मुजरा, हुकूम, फर्मान, मशाल, शामियाना, सरदार, फौज, हे शब्द हातातून आपोआप उतरतात आणि बाराव्या शतकातल्या कोल्हापुरात यातला एकही नव्हता. शाईसुद्धा नाही. मशालीच्या जागी दिवटी चालते, फौजेच्या जागी सैन्य चालतं, पण 'जमीन'? जमीन हाच शब्द फारसी, आणि माझ्या कादंबरीत तर पानापानावर जमिनीचं भांडण होतं.

ते भांडण लावलं होतं वासुदेवानं. वासुदेव म्हणजे माझा खलनायक. कोल्हापूरच्या शुक्रवार वेशीजवळ विजयादित्याचा एक शिलालेख सापडलेला आहे, शके १०६५चा, त्यात याचं नाव येतं. माझ्याकडं बरीच वर्षं त्या लेखाचा सारांश होता, वहीत हातानं उतरून घेतलेला, आणि त्यात एक ओळ होती, 'सामंत कामदेवाचा हडपवळ वासुदेव, याने जिनमंदिर बांधिले.' आता मराठी माणूस 'हडपवळ' वाचल्यावर काय समजेल? मी तेच समजले. हडप करणारा. मला वाटलं लोकांनी पाडलेलं नाव असणार आणि तेच लेखात चिकटलं. त्यावरून मी माणूस उभा केला, कामदेवाच्या भाबडेपणाचा फायदा घेऊन त्याची शेतं गिळणारा, विधवांच्या बांधावर माणसं पाठवणारा, आणि म्हातारपणी पाप टोचायला लागल्यावर देऊळ बांधणारा. त्र्याऐंशी पानं झाली होती. प्रकाशकांना पहिले आठ प्रसंग पाठवले तर त्यांचा फोन आला, मॅडम वासुदेव जबरदस्त जमलाय, त्याला अजून वाढवा.

तर त्या दिवशी आमचे गुरुजी कोल्हापूरला डोळे दाखवायला आले होते. माझं माहेर आजऱ्याचं, हायस्कूलला हे आम्हाला संस्कृत शिकवायला होते, स्वतः गडहिंग्लजच्या बाजूचे, घरात कन्नडच बोलायचे. वय ऐंशीच्या आसपास. सकाळपासून पाऊस असा लागला होता की गॅलरीतली तुळस आडवी झालेली आणि राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याचे मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरत होते, तरी माणूस एसटीनं आला, डॉक्टरकडं जाऊन डोळ्यात औषध घालून घेतलं आणि दुपारी पुतण्याबरोबर रिक्षानं आमच्या घरी. औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या, अक्षर दिसत नव्हतं, काळा चष्मा लावून बसले होते. मला मूळ लेखाच्या छापील पाठाची झेरॉक्स नुकतीच मिळाली होती, कीलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडितानं वाचून छापलेला पाठ, रोमन अक्षरातला. म्हटलं गुरुजी, मी मोठ्यानं वाचते, तुम्ही नुसतं ऐका आणि जिथं मी चुकते तिथं थांबवा.

वाचायला लागले. वंशावळ झाली, बिरुदं झाली. वळवाडच्या मुक्कामी 'सुखसंकथाविनोदेन' राज्य करत असताना, इथं गुरुजी हसले, म्हणाले काय शब्द आहे बघ, सुखाच्या गोष्टी बोलत बोलत राज्य. मग तिथी आली, माघ पौर्णिमा, सोमवार, सोमग्रहण, म्हणजे चंद्रग्रहण. इंग्रजी तारखेत तो दिवस येतो १ फेब्रुवारी ११४३. मग गाव आलं, आजिरगेखोल्ल नावाच्या भागातलं, आणि आजिरगे म्हणजे आमचं आजरा, हे वाचताना माझा आवाज जरा हलला, कारण आपल्या माहेरचं नाव जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीच्या दगडावर वाचणं वेगळंच असतं. मग मी वाचलं, 'हडपवळ'.

"थांब," गुरुजी म्हणाले. "परत म्हण."

मी परत म्हटलं. आणि पुढं लगेच सांगितलंही, की गुरुजी हा माझा खलनायक, जमिनी हडपणारा.

ते काही बोलले नाहीत. सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चंची काढली. खणाच्या कापडाची, कडेला लाल गोट, वापरून वापरून मऊ पडलेली, तिची दोरी गुंडाळलेली. न बघता, कारण दिसतच नव्हतं, त्यांनी दोरी सोडली, चंचीची घडी मांडीवर उलगडली. एका खणात पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, एकात सुपारी आणि अडकित्ता, एकात चुन्याची डबी, सगळ्यात आतल्या छोट्या खणात दोन लवंगा. माझा हात धरून त्या लवंगांवर नेला.

"हे काय आहे?"

"चंची."

"ही हडप. आमच्या जुन्या कन्नडमध्ये पानाच्या पिशवीला हडप म्हणतात, आणि ती वागवणारा तो हडपवळ. अगं, तो चोर नव्हे. धन्याला विडा देणारा माणूस आहे तो."

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर अंगातलं बळ गेल्यासारखं झालं. त्र्याऐंशी पानांचं नव्हतं ते, पानं परत लिहिता येतात. एका माणसानं आयुष्यात एक देऊळ बांधलं, दगडावर नाव राहिलं, आणि मी एका मराठी शब्दाच्या आवाजावरून त्याला लुटारू करून टाकला होता, आणि तो छापला असता तर हजारभर लोकांनी त्याला तसाच ओळखला असता. त्याच्या बाजूनं बोलायला कोण होतं? कुणीच नाही.

गुरुजींनी एक पान काढून मांडीवर पुसलं, शीर ओढली, चुना लावला, आणि म्हणाले वाच पुढं.

पुढं दान होतं. वासुदेव माघनंदी आचार्यांचा लाडका शिष्य, आणि हे माघनंदी कोल्हापूरच्या रूपनारायण जिनालयाचे आचार्य. वासुदेवानं बांधलेल्या वसतीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पार्श्वनाथाच्या पूजेसाठी, पडझडीच्या दुरुस्तीसाठी आणि तिथं राहणाऱ्या यतींच्या जेवणासाठी राजानं काय दिलं? कुंडी दंडानं, म्हणजे तेव्हाच्या मोजकाठीनं, मोजून पाव निवर्तन (हे जमिनीचं जुनं माप) शेत आणि बारा हातांचं एक घर. बास. मी तीनदा वाचलं. एवढा महामंडलेश्वर, म्हणजे मोठा मांडलिक राजा, ज्यानं पुढं कल्याणीचं सिंहासन चालुक्यांकडून कलचुरी बिज्जळाकडं जाताना बिज्जळाला साथ दिली, तो एका सामंताच्या विडा देणाऱ्या नोकराच्या देवळाला ग्रहणाच्या पर्वावर पाव निवर्तन शेत देतो, आणि ते मोजून दगडावर लिहून ठेवतो. माझ्या कादंबरीत याच प्रसंगाला हत्ती होते, सोन्याची नाणी उधळली होती, मंत्र्यांच्या रांगा होत्या. बारा हातांच्या घरापुढं ते सगळं मला एकदम पोकळ वाटायला लागलं.

आणि विडा देणारा म्हणजे साधा माणूस नव्हे. त्याच काळात कल्याणीच्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' लिहिला, त्यात तांबूल हा राजाचा एक वेगळा भोगच सांगितलाय, पान कसलं, सुपारी कसली, कापूर किती. धन्याच्या तोंडात जाणारी वस्तू ज्याच्या हातातून जाते त्याच्यावर केवढा विश्वास लागत असेल! सामंत झोपायच्या आधी शेवटचं ज्याला बघतो तो हा. भांडण, सल्लामसलत, रडणं, सगळं याच्यासमोर होतं आणि हा पिशवी धरून उभा. मी इतकी वर्षं राजघराण्याच्या आत शिरायला दार शोधत होते, राणीच्या दासीकडून, पुरोहिताकडून, सगळीकडून प्रयत्न केले, आणि दार माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

मग त्याच झेरॉक्समधला पुढचा लेख वाचला, कागलजवळच्या बामणीचा, शके १०७३, पुन्हा चंद्रग्रहण, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार. इथंही पाव निवर्तन शेत, तीस स्तंभांचा (स्तंभ हेही मापच) फुलमळा आणि बारा हातांचं घर. हे दान राजानं कुणाच्या विनंतीवरून दिलं तर सामंत लक्ष्मणाच्या, आणि लक्ष्मण कोण, तर राजाचा मामा. मी वाचून पुढं जात होते, गुरुजींनी पुन्हा थांबवलं.

"तुला त्याची आई पाहिजे होती ना? ही बघ की. तिचा भाऊ आलाय भाच्याकडं."

नाव नाही मिळालं तिचं, आणि मला वाटतं मिळणारही नाही. पण तिचं माहेर मिळालं, सामंतांचं घर, आणि भाच्यानं ज्याचा शब्द खाली पडू दिला नाही असा एक भाऊ. इतके दिवस मी तिला एक छानसं संस्कृत नाव देऊन ठेवलं होतं. त्या दुपारी ते नाव मी फाईलमधून काढलं. आता ती कादंबरीत 'लक्ष्मणाची बहीण' म्हणून येते, माहेरची माणसं तिला अक्का म्हणतात, तेवढंच, आणि मला ते जास्त खरं वाटतं.

संध्याकाळी गुरुजींना स्टँडवर सोडलं. तिथूनच प्रकाशकांना फोन केला, की वासुदेव खलनायक राहणार नाही, पहिला भाग पुन्हा लिहावा लागेल, दिवाळीला पुस्तक येणार नाही. ते बराच वेळ समजावत होते, वाचकाला काय कळणार आहे, हडपवळ म्हणजे काय ते कुणाला ठाऊक आहे मॅडम. म्हटलं आजऱ्यातल्या एका देवळावर ज्यानं आयुष्याची कमाई घातली त्याला मी चोर म्हणणार नाही, तुम्हाला दुसरी कादंबरी देते हवं तर. शेवटी मार्चपर्यंत मुदत दिली. चांगला माणूस आहे, व्यवहार बघावा लागतो त्यांनाही.

परतताना सरळ घरी न येता शुक्रवार पेठेतनं चालत गेले. वेस आता नाही. पाऊस थोडा उघडला होता, नदीचं पाणी बघायला लोक जमलेले, कुणीतरी मक्याची कणसं भाजत होतं. मी एका पानपट्टीवर थांबले, साधं पान मागितलं, आणि तो पोरगा कसं लावतो ते बघत उभी राहिले. पान हातावर घेऊन त्याची पाठ पुसणं, शीर काढणं, चुना बोटानं नव्हे, काडीनं लावणं. दुपारी गुरुजींचे हात न बघता हेच करत होते. तंबाखू वगळली तर यात त्या काळापासून फारसं काय बदललं असेल?

घरी येऊन जेवण झाल्यावर बसले. ग्रहणाच्या प्रसंगापाशी आधी मी सामंताच्या हातात विडा दिला होता, तो दाताखाली चावत तो वासुदेवाला दम भरतो असं होतं. तिथं अडले. ग्रहण लागलंय, दरबार ग्रहण पाळतोय, म्हणजे सुटेपर्यंत कुणी तोंडात काही घालणार नाही. पाणी नाही, विडा नाही. म्हणजे रोज ज्याचे हात एक क्षण रिकामे नसतात त्या माणसाला त्या एका रात्री काही काम नव्हतं, आणि नेमक्या त्याच रात्री त्याच्या देवळाचं शेत मोजून दिलं जात होतं.

रात्री दीडच्या सुमाराला लाईट गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर लिहीत राहिले. प्रकरणाची सुरुवात आता अशी आहे:

'वासुदेवानं हडपाची दोरी दोनदा गुंडाळून गाठ मारली, आणि मोकळे हात कुठं ठेवावेत ते न कळून ते पाठीमागं धरून तो उभा राहिला.'