एका घरात दोन गळके डोळे

लेक महिन्याचा व्हायच्या आतच त्याचा डावा डोळा गळायला लागला. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या, आणि रडत नसला तरी गालावर ओघळ. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकीकडे औषध तयार होतं. अंगावरचं दूध घाल, काजळ घाल, गुलाबपाणी घाल. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच: "माझा डोळा काय आज गळतोय होय? काय झालंय मला?" त्यांच्या उजव्या डोळ्याला पदराचं टोक कायम लागलेलं असायचं, हे खरं.

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी यातलं काहीच घालू दिलं नाही. डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं. काही बाळांत त्या नळीच्या नाकाकडच्या टोकाला पातळ पडदा राहून जातो. शंभरातल्या नव्वदेक बाळांचा तो वर्षाच्या आत आपोआप उघडतो. तोवर मालिश.

हे मालिश म्हणजे कुरवाळणं नव्हे. मॅडमनी माझ्याच डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट टेकवून हाडावर दाबलं आणि नाकाच्या कडेनं खाली ओढलं, तेव्हा दाब किती हवा ते कळलं. नखं कापायची, हात धुवायचे आणि करंगळीनं एका वेळी आठ-दहा दाब, दिवसातून तीन-चारदा. मी दूध पाजतानाच करायचे, एरवी तो मान स्थिर ठेवेल तर शपथ! दाबल्यावर पिवळसर घाण वर आली की उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसायची. अँटिबायोटिक थेंब डोळा चिकट-लाल झाला तरच. कोपऱ्यात लाल, गरम गाठ आली तर मालिश बंद करून लगेच या, असं बजावलं होतं. बाळ उजेडाला डोळे मिटत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल तर तो काचबिंदूही असू शकतो, तिथं मालिशवर वेळ घालवायचा नाही.

आमचा लेक उरलेल्या दहांतला निघाला. वाढदिवस झाला तरी डोळा गळतच होता, मग मिरजेला प्रोबिंग केलं. पूर्ण भूल द्यायची म्हणून चार तास आधीपासून अंगावरचं दूधही बंद. सगळ्यात अवघड तेच गेलं, भुकेलं पोर मला बघून आणखीच रडायचं. प्रत्यक्षात बारीक तार नळीतून घालून पडदा मोकळा करायचा, काम काही मिनिटांचं. नाकातून जरासं रक्त आलं, संध्याकाळी घरी. यानं भागलं नाही तर सिलिकॉनची नळी काही महिने आत ठेवतात. आम्हाला ती लागली नाही.

इकडे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी सिरिंजिंग करतात, म्हणजे पापणीच्या कडेच्या छिद्रातून सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, सोडून ते नाकातून घशात उतरतं का बघतात. "आजी, घशाला खारट लागलं का?" "नाही बा." पाणी पुवासकट वरच परत आलं. जुना नासूर! म्हणजे नळी बुजून तिच्या वरच्या अश्रुपिशवीत पू साठलेला. असा पू साठलेला असताना मोतीबिंदू काढला तर जंतू डोळ्याच्या आत जाऊ शकतात, म्हणून ते ऑपरेशन थांबलं.

"मग मलाही नातवासारखं चोळायला सांगा की," त्या म्हणाल्या. पण मोठ्या माणसाची नळी सुजेनं आकसून बुजते. ती मालिशनं उघडत नाही, आणि नुसत्या थेंबांनी चार दिवस बरं वाटून पुन्हा तेच. त्यावर डीसीआर नावाचं ऑपरेशन. नाकाच्या हाडाला छोटी खिडकी पाडून अश्रुपिशवी थेट नाकात उघडतात. बाहेरून छोटा छेद घेऊन करतात किंवा नाकातून दुर्बिणीनं. दुर्बिणीनं केलं की चेहऱ्यावर व्रण राहत नाही. सासूबाईंनी व्रणाची फिकीर केली नाही, "या वयात मला कोण बघायला येतंय" म्हणून बाहेरूनच करून घेतलं, जागा बधिर करून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. ती बंद करायची का, हे डॉक्टरच ठरवतात.

नंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, हे सांभाळताना आमच्या नाकी नऊ आले. तपकिरीची सवय, दुसरं काय! डबी मी कपाटात कुलूपबंद केली होती. टाके निघाले, पदर डोळ्याला लागायचा थांबला. पुन्हा सिरिंजिंग केलं तेव्हा "खारट, खारट!" म्हणून खुर्चीतूनच ओरडल्या. मोतीबिंदूची तारीख आता दिवाळीनंतरची मिळाली आहे.