शार्लवुआचा उतार आणि टायरची निवड

जानेवारीत कॅनडातल्या क्युबेक सिटीहून शार्लवुआ या डोंगराळ भागात जाऊन आलो. जाताना दोन गाड्यांमधून एक निवडायची होती. दादाचा फोर व्हील ड्राइव्ह पिकअप, त्याला जाड ठोकळ्यांचे ऑल-टेरेन (कच्च्या वाटांसाठीचे) टायर, आणि वहिनीची छोटी फ्रंट व्हील ड्राइव्ह कार, चारही चाकांना विंटर टायर. दादा म्हणाला, "अरे पिकअप ने, बर्फात कुठेही चढतो." मी कार घेतली.

क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, आणि टायरच्या बाजूवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असावं लागतं. दादाच्या ऑल-टेरेनवरही ते चिन्ह आहे, म्हणजे कायद्याने दोन्ही गाड्या चालतात. पण त्या चिन्हाची तिकडची टेस्ट बघितली तर ती मुख्यतः दाबलेल्या बर्फावर टायर गाडीला किती जोरात पुढे ढकलतो हे मोजते, ठराविक स्टँडर्ड टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त पकड हवी. नुसत्या गोठलेल्या बर्फावर ब्रेक मारल्यावर काय होतं, वळणावर काय होतं, ते त्यात येत नाही. आणि मला काळजी होती ती थांबायचीच.

१३८ नंबरचा रस्ता सँ-तीत-दे-कापच्या पुढे बराच वर चढतो, तिथे वारा बर्फ उडवत रस्त्यावर आणून टाकतो, मग बे-सँ-पॉलकडे लांबच लांब उतार. तिथून ३६२ ने लेझ एबूलमाँ, आणि पुढे सँ-जोसेफ-द-ला-रीव्हच्या फेरीबोटीच्या धक्क्याकडे उतरणारा रस्ता तर इतका खडा की समोर थेट सेंट लॉरेन्स नदी दिसते, तिच्यात बर्फाचे तुकडे वाहतायत. रस्त्यावर नांगराने (बर्फ बाजूला ढकलणाऱ्या गाडीने) साफ करून उरलेला बर्फाचा घट्ट, चकचकीत थर. मी खालच्या गिअरमध्ये होतो, ब्रेक हलका हलका लावत, आणि गाडी प्रत्येक वेळी जिथे म्हणेन तिथे हळू होत होती. खरं सांगतो, त्या उतारावर मला फोर व्हील ड्राइव्हची आठवणही आली नाही, कारण ती गाडी जागेवरून हलवायला, चढवायला मदत करते, थांबवायला बाकी गाड्यांसारखेच ब्रेक असतात आणि शेवटी रस्त्याला टेकलेलं असतं ते रबरच.

विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, साधारण ७ अंशांच्या खाली साधं रबर कडक व्हायला लागतं तेव्हा हे वाकतं, आणि ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, शेकडो बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. खाचांमध्ये बर्फ भरून बसतो तोही उपयोगाचा, बर्फ बर्फाला चांगला चिकटतो. ऑल-टेरेनचे ठोकळे मोठे आणि कडक, चिरा कमी, म्हणून घट्ट थरावर त्यांची धार कमी पडते. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो तेव्हा फरक जास्तच जाणवतो.

पण ऑल-टेरेन वाईट असं अजिबात नाही! ईल-ओ-कूद्र बेटावर एका न साफ केलेल्या गल्लीत गुडघाभर भुसभुशीत बर्फ होता, तिथे मी कार आत घातलीच नाही, पोट टेकलं असतं. तिथे उंच पिकअप आणि खोल खाचांचे टायर खरंच हवेत. दादाच्या जंगलातल्या कॅबिनला जायचं असेल, वाट नांगरलेली नसेल, खाली दगड असतील, तर मी पिकअपच नेईन. म्हणजे आधी आपला रस्ता बघा, ९० टक्के वेळ डांबरी रस्ता आणि नांगरलेला घाट असेल तर विंटर टायर, यात मला शंका नाही.

जाणार असाल तर चारही चाकांना सारखेच टायर लावा. फक्त पुढच्या दोनला विंटर लावले तर उतारावर ब्रेक मारताना मागची बाजू फिरते. टायरमधली हवाही रोज सकाळी गाडी थंड असताना बघा, तापमान दर ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते.